कागलच्या पुढे आपण निरक्षर

मराठीत एक लेखनप्रकार असा आहे की त्याला समीक्षेने नाव दिलेले नाही, पण दर दिवाळीला तो नेमाने उगवतो. सोयीसाठी त्याला 'आठ दिवसांचा कर्नाटक' म्हणू. त्याचा साचा पक्का आहे. पहिल्या दिवशी पहाटे गाडी निघते. कागल मागे पडून दूधगंगेचा पूल ओलांडला की 'पाट्या बदलतात आणि आपण दुसऱ्या जगात आल्याची जाणीव होते'. तिसऱ्या दिवशी बदामीचा तांबूस दगड मावळतीच्या उन्हात पेटतो. पाचव्या दिवशी हंपीला 'भग्न वैभव' पाहून मन विषण्ण होते. मधल्या काळात इडली लुसलुशीत असते आणि कॉफीला दरवळ असतो. भाषा कळत नसते, पण 'माणुसकीची भाषा सगळीकडे एकच' असल्यामुळे काही अडत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी घाट उतरून समुद्र येतो, आणि आठव्या दिवशी विविधतेतील एकतेवर एक परिच्छेद लिहून लेखक घरी परततो.

या लेखांतील भाषा बेतीव आहे, भावना उसन्या आहेत, वगैरे तक्रारी करण्यात अर्थ नाही; त्या सगळ्याच सुमार प्रवासवर्णनांविषयी करता येतील. आमचा आक्षेप वेगळा आहे. कोल्हापूरहून दक्षिणेकडे जाणारी ही वाट परक्या मुलखातून जात नाही. मराठी वाङ्मयाचा आपला स्वतःचा इतिहास या वाटेवर जागोजाग पडलेला आहे. तो ज्या लिपीत आणि ज्या भाषेच्या शेजारी आहे ती आपल्याला येत नाही, म्हणून आपण तो ओलांडून पुढे जातो आणि त्या ओलांडून जाण्यालाच 'सौंदर्यानुभव' असे नाव देतो. हे अज्ञान साधे असते तर ते क्षम्य होते. परंतु ते मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून सांभाळले जाते, आणि मग ललित गद्याच्या वेष्टनात बाहेर पडते.

महानुभावांच्या सूत्रपाठात चक्रधरांनी अनुयायांना कर्नाटदेशी व तैलंगदेशी जाऊ नये असे बजावले आहे. ते देश विषयसुखाचे, आणि तिथे तपस्व्याला मान फार मिळतो, म्हणून साधकाने तिकडे फिरकू नये, असा त्यामागचा विचार. प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याला हे सूत्र ठाऊक असते. आपल्या प्रवासलेखकांनी मात्र ते मोठ्या चतुराईने पाळले आहे. ते कर्नाटकात जातात, राहतात, जेवतात, छायाचित्रे घेतात, आणि तरीही तिकडे जात नाहीत.

आता हीच आठ दिवसांची वाट आम्ही एकदा वाचकाबरोबर चालतो. गावे तीच, क्रमही साधारण तोच.

मुळात प्रारंभ कागलच्या पुढे होत नाही, अलीकडेच होतो. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या शिलालेखांपैकी यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख (शके ११३६) आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येतो. बाकीचे लेख मुख्यतः कन्नड आहेत. म्हणजे ज्या देवळाचे चित्र आपण कोल्हापूर जिल्ह्याचे वैभव म्हणून दिनदर्शिकेवर छापतो, त्याच्या भिंती आपल्याला वाचता येत नाहीत. पंढरपूरची गोष्ट निराळी नाही. सोळखांबीतला शके ११५९ चा लेख होयसळ राजा सोमेश्वराच्या दानाचा आहे आणि त्याची भाषा संस्कृत व कन्नड आहे. 'दुसरे जग' सुरू होण्यासाठी दूधगंगेचा पूल ओलांडावा लागतो, हा समज इथेच बाद होतो.

निपाणी आणि बेळगाव ही गावे आठ दिवसांच्या लेखांत चहापुरती येतात. निपाणीत गिरणी चालवत महादेव मोरे यांनी तिथल्या कष्टकऱ्यांच्या, वाहनचालकांच्या जगावर आयुष्यभर लिहिले. बेळगावात इंदिरा संत यांचे आयुष्य गेले. त्याच बेळगावच्या पश्चिमेला, पण कोल्हापूर जिल्ह्याच्याच चंदगड तालुक्यात, कोवाडला रणजित देसाई राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या पट्ट्यावर एक रेघ ओढली. वाङ्मयाने ती ओढली नव्हती. असो.

धारवाडला मात्र थांबायला हवे, कारण आपली निरक्षरता तिथे सर्वाधिक उघडी पडते. प्रवासलेखक धारवाडला पेढा घेतो. अधिक रसिक असेल तर मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू ही नावे घेतो आणि 'या मातीतच सूर आहे' असे वाक्य लिहितो. मातीत सूर नसतो. मन्सूरांची गायकी मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून आली; ते दोघे अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र, आणि खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गवई. कुंदगोळचे रामभाऊ 'सवाई गंधर्व' झाले ते मराठी रंगभूमीवर. म्हणजे धारवाडचा म्हणून जो सूर आपण नवलाने ऐकतो, त्याच्या जडणघडणीत कोल्हापूरचा वाटा मोठा आहे. संस्था, गुरू, आश्रयदाते, नाटक कंपन्या यांचा हा इतिहास आहे. 'माती' म्हटले की तो सांगण्याची जबाबदारी टळते.

त्याच धारवाडात द. रा. बेंद्रे राहत होते. घरची भाषा मराठी, काव्याची भाषा कन्नड. 'नाकु तंती' या संग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ. आणि त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत होते आणि मराठी कथेला तिच्या सर्वांत अंधाऱ्या, सर्वांत दूरच्या प्रदेशात नेत होते. मराठी घरातला माणूस कन्नडचा महाकवी होतो आणि कन्नड गावातला एकांतप्रिय प्राध्यापक मराठी कथाकारांत अग्रणी ठरतो, हे दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात घडते. जगातल्या कोणत्याही वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा शहराचा मोह पडावा. आपल्या विद्यापीठांतून जी. एं.वर प्रबंध लिहिले जातात. त्यांतील नियतीची चर्चा आपल्याला पाठ झाली आहे. पण जी. एं.च्या भोवती रोज बोलल्या जाणाऱ्या कन्नडने त्यांच्या वाक्याला काय केले असेल, हे विचारण्याची ज्यांची तयारी आहे असे अभ्यासक किती? विचारणार कसे, कन्नड यायला नको?

धारवाडचे आणखी एक स्मरण आपल्याला गैरसोयीचे आहे. कर्नाटक विद्यावर्धक संघ तिथे १८९० साली स्थापन झाला, तो कन्नड भाषेला स्वतःच्याच गावात स्थान मिळावे म्हणून. मुंबई इलाख्याच्या या दक्षिण भागात शाळा, कचेऱ्या आणि प्रतिष्ठा यांवर तेव्हा मराठीचा वरचष्मा होता. आपण ज्याला आज भाषिक दडपशाही म्हणतो, तिची पहिली तक्रार या भूमीत आपल्याविरुद्ध झालेली आहे. आजचा अन्याय त्यामुळे न्याय्य ठरत नाही. पण इतिहास सांगायचा तर तो दोन्ही बाजूंनी सांगावा लागतो.

पुढचा मुक्काम सौंदत्ती. येथे आम्हाला कोल्हापूरकरांचे विशेष नवल वाटते. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुरातून गाड्यांच्या रांगाच्या रांगा यल्लम्माच्या डोंगराकडे निघतात. बायका, पोरे, चुलीचे सामान, भंडारा, परडी. परतल्यावर शहरात आंबील यात्रा. या लोकांनी कधी 'दक्षिण भारताची सहल' केली, असे म्हटलेले नाही. ते आईला जाऊन आले, एवढेच म्हणतात. डोंगरावर मराठी आणि कन्नड एकाच उदो-उदोत मिसळतात. दुभाष्याची गरज कोणाला पडत नाही, कारण ती मंडळी शतकानुशतके एकमेकांची आहेत. हा कोल्हापूरचा खरा दक्षिणप्रवास. तो करणारा वर्ग लिहीत नाही, आणि लिहिणारा वर्ग त्या गाडीत बसत नाही.

अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. गडहिंग्लज परिसरातले राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतून या वाटेवरची देवदासींची आणि जोगत्यांची ससेहोलपट लिहिली. या प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली कायदा केला. महाराष्ट्राचा आजचा कायदा २००५ चा. दोन राज्यांना दोन कायदे करावे लागले, कारण देवी एक आणि तिला सोडलेल्या मुली दोन्हीकडच्या. गवसांच्या या कादंबऱ्या कर्नाटकाविषयीचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक लेखन आहे असे आम्ही म्हणतो, आणि त्यांना कोणी 'प्रवासवर्णन' म्हणत नाही हेच त्या प्रकाराचे अपयश मानतो.

बदामी, पट्टदकल, ऐहोळे. इथे प्रवासलेखकाची लेखणी सर्वाधिक सैल सुटते आणि माहिती सर्वांत कमी होते. ऐहोळेच्या मेगुती देवळावर रविकीर्तीची प्रशस्ती आहे, शके ५५६ ची. दुसऱ्या पुलकेशीने नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळवले, असा तिच्यात उल्लेख आहे. आणि हा जैन कवी स्वतःची कीर्ती कालिदास-भारवींच्या तोडीची असल्याचे निःसंकोच सांगतो. 'महाराष्ट्र' या नावाच्या प्राचीन उल्लेखांची चर्चा या लेखाशिवाय पुरी होत नाही. तो आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात, एका टेकडीवर, एका अपुऱ्या देवळाच्या भिंतीत आहे. आठ दिवसांचे लेखक त्या टेकडीवर 'वरून दिसणारे विहंगम दृश्य' पाहायला चढतात.

बदामीला कप्पे अरभट्टाचा लेख आहे. त्यात कन्नड त्रिपदीचा फार जुना नमुना आहे. कन्नड बायका जात्यावर त्रिपदी म्हणतात. आपल्या बायका ओवी म्हणत. या दोहोंचे नाते काय, हा प्रश्न मराठीच्या शिक्षकाला त्या खडकासमोर पडू नये? त्याच गावच्या संग्रहालयात लज्जागौरीची मूर्ती आहे. पर्यटक तिच्यासमोर गोंधळतात आणि पुढे सरकतात. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले, आणि तिच्यापासून रेणुका-यल्लम्मापर्यंतचा धागा उलगडून दाखवला. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या त्यांच्या ग्रंथाची तर सगळी वाटच दक्षिणेतून येते. ढेऱ्यांचा सत्कार करणे आपल्याला जमले. त्यांच्या पद्धतीने चार दिवस फिरणे जमले नाही.

हंपीत विठ्ठलाचे देऊळ आहे आणि दगडी रथाचे छायाचित्र प्रत्येक लेखासोबत असते. कृष्णदेवरायाने नेलेली पंढरीची मूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी परत आणली, ही कथाही प्रत्येक लेखात असते. जणू आपला एक हरवलेला ऐवज परत मिळाला आणि हिशेब मिटला. परंतु पुरंदरदासांपासून पुढे हरिदासांनी विठ्ठलाच्या नाममुद्रेने कन्नडमध्ये जी विपुल पदरचना केली, तिचे काय? मराठी संतवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात तिचा एक तास तरी असतो काय? विठ्ठलाला 'कानडा' म्हणणाऱ्या परंपरेचे आपण वारस, आणि त्याच्याविषयी कानडीत काय म्हटले गेले ते आपल्याला वाचवत नाही.

सातव्या दिवशी घाट उतरून किनारा येतो. काळी जमीन, ज्वारीची शेते, मग अचानक दाट झाडी, मग सुपारीच्या बागा आणि खाड्या. हा पालट खरोखर विलक्षण आहे, आणि त्याचे वर्णन करण्याचा मोह आम्हीही समजू शकतो. पण होन्नावरजवळच्या कर्की या गावाचे नाव त्या वर्णनांत शोधून पाहावे. १८४२ मध्ये सांगलीला आलेली भागवत मंडळी तिथलीच. त्यांचे खेळ पाहून सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी विष्णुदास भाव्यांना तसेच काही मराठीत करायला सांगितले, आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' झाले. दर ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. ज्या यक्षगानाच्या शेजारातून ती रंगभूमी निघाली, तो आपल्या लेखांत 'रंगीबेरंगी लोकनृत्य' होऊन राहतो.

यावर तीन आक्षेप येतील, ते आम्ही आधीच घेतो.

पहिला : प्रवासवर्णन हे ललित लेखन आहे, संशोधनाची अपेक्षा त्याच्यावर लादू नये. मान्य. शिलालेखांची जंत्री कोणी मागत नाही. परंतु लालित्य म्हणजे न कळण्याचा परवाना नव्हे. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास' लिहिला तेव्हा त्यांच्याकडे संशोधनाचे कोणतेही साधन नव्हते; माणसे काय बोलतात ते ऐकण्याचे कान होते. गंगाधर गाडगीळांनी आपल्या दक्षिणेवरच्या पुस्तकाला 'गोपुरांच्या प्रदेशात' हे नाव दिले, ते त्यांच्यापुरते साजरे होते. पुढच्यांनी गोपुर तेवढे उचलले आणि प्रदेश सोडून दिला.

दुसरा : त्यांनी तरी आपल्याविषयी कुठे काय केले? हा आक्षेप करणाऱ्यांनी शं. बा. जोशी हे नाव ऐकलेले नसावे. कन्नडच्या या विद्वानाने 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हे पुस्तक मराठीत लिहिले. आलूर वेंकटरावांनी 'गीतारहस्य' कन्नडमध्ये नेले. बेंद्रे दोन्ही भाषांत लिहीत. आपल्याकडून तेंडुलकरांनी 'तुघलक' मराठीत आणले, आणि भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाच्या घरोघरी पोचल्या त्या बेळगावात जन्मलेल्या उमा कुलकर्णी यांच्या अनेक वर्षांच्या कष्टांमुळे. एका अनुवादिकेच्या खांद्यावर आपण एका भाषेचा सगळा भार टाकला आणि निश्चिंत झालो.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे : सीमाप्रश्न धगधगत असताना कन्नड शिका म्हणणे म्हणजे शरणागती. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा; डिसेंबर २०२२ मध्ये वाद पुन्हा पेटला तेव्हा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ अडल्या. सीमाभागातील मराठी माणसाला त्याच्या भाषेत शाळा, कागदपत्रे आणि सन्मान मिळाला पाहिजे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या माणसाकडे जरा पाहा. बेळगावच्या, खानापूरच्या, निपाणीच्या मराठी माणसाला सहसा कन्नड येते. बाजारात तो ते बोलतो, कचेरीत वाचतो, आणि घरी येऊन मराठी वर्तमानपत्र उघडतो. कन्नड येत असल्यामुळे त्याचे मराठीपण कणभर उणे झालेले नाही. कन्नड येत नाही ते त्याच्या नावाने इकडे गळा काढणाऱ्या आपल्याला. ज्या प्रदेशावर आपण हक्क सांगतो तिथली अर्धी बोलणी आपल्याला कळत नाहीत, ही अवस्था अभिमानाची कशी?

मग करायचे काय? आमच्या मागण्या थोड्या आणि स्वस्त आहेत. कन्नड लिपीची वर्णमाला आपल्याच क्रमाची आहे, ळ आहे, ह्रस्व ए आणि ओ तेवढे जास्तीचे. अक्षरओळखीला दोन आठवडे पुरतात. कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या मराठीच्या पदव्युत्तर वर्गांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना करून द्यावी. संतवाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेत हरिदासांची चार पदे अनुवादासह घ्यावीत. जी. एं.वरच्या प्रबंधाला परवानगी देताना उमेदवार धारवाडला जाऊन राहिला काय, हे मार्गदर्शकाने विचारावे. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी 'आठ दिवसांचा कर्नाटक' हाती आला की लेखकाला एवढेच विचारावे : तुमच्या बसवर कोणत्या गावाची पाटी होती, ती तुम्ही वाचलीत काय?

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख मराठीचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. तो सर्वांत जुना की नाही, हा वाद अक्षीच्या लेखामुळे चालू आहे आणि चालू राहील. त्या मूर्तीच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखही आहेत, हे मात्र परीक्षेत विचारले जात नाही. आपल्या पुस्तकांनी मराठी ओळ तेवढी कापून घेतली.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळायचे तर आम्ही, सामावून घ्यायचे तर आपण. संस्कृतात हा भेद नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ द्राविडी भाषांच्या सहवासात शोधतात. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द जिथून आले त्याच दिशेने हे दानही आले असावे. आठ दिवसांचे आपले सगळे लेखक कागलच्या पुढे गेले की 'आम्ही' लिहू लागतात : आम्ही पाहिले, आम्ही खाल्ले, आम्हाला भाषा कळेना. त्या मुलखात 'आपण' लिहिता येईल एवढे कन्नड ज्या दिवशी आपल्यातल्या दहा जणांना येईल, त्या दिवशी मराठीतले दक्षिणेचे पहिले प्रवासवर्णन लिहिले जाईल.